ऊन खाल्लेला डाळिंबी रंग

वसंता,

काल मुनियप्पा पेंटर येऊन गेला. तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि त्याला परवा कळलं. बंगळूरच्या त्या टोकाच्या शिवाजीनगरहून दोन बस बदलून आला होता. शर्ट पांढरा, धुतलेला, पण नखांच्या कडांना नेहमीचा रंग होताच. दाराशी चपला काढून तो आईसमोर नुसता उभा राहिला. त्याला मराठी येत नाही आणि आईचं कन्नड भाजीबाजारापुरतं. अशा वेळचं बोलणं तिला कुठून सुचणार. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यानं पिशवीतून एक छोटा डबा काढून माझ्या हातात दिला. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"उरलेला रंग आहे, अम्मा. तम्मानं ठेवायला सांगितला होता. कुठे खरचटलं तर लावायला."

पहिल्या दिवसापासून तू त्याच्या लेखी माझा तम्मा होतास. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीच्या साइडकारला रंग शोधत गावभर फिरतो, याचं त्याला फार कौतुक होतं.

मग तो अंगणात गेला. मोटरसायकलवरची ताडपत्री उचलली, गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि टाकी व साइडकार एका नजरेत येतील असा आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं बघत राहिला. हात लावला नाही. "सरी इदे," एवढंच म्हणाला. बरोबर आहे.

तो गेल्यापासून तुला लिहायचं मनात होतं, आज बसले. पेपरात द्यायचा निधनाचा मजकूर तुझ्या कारखान्यातल्या नागराजनं लिहून नेला होता. त्यात तुझं नाव होतं, वय होतं, मूळ गाव निपाणी असं होतं. छापून आलेलं दोनदा वाचलं, पण तू त्यात सापडला नाहीस.

मी सिटी बसमधून पडले तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी तू एक शब्द बोलला नाहीस. येलहंक्याच्या स्टॉपवर उतरताना बस हलली. काठी आत राहिली आणि मी बाहेर. डाव्या पायाला आधाराला बांधलेलं लोखंडी कॅलिपर गुडघ्यापाशी वाकलं. कुणीतरी कारखान्यात निरोप दिला, तू गाडी घेऊन धावत आलास, मला मागे बसवायला लागलास आणि मग लक्षात आलं की पाय वर जातच नाही. दोन वर्षांची असताना पोलिओनं गेलेला पाय तो, मोटरसायकलच्या सीटवर कसा चढणार. शेवटी रिक्षा केली. तू रिक्षाच्या मागून, तिच्याच वेगानं घरापर्यंत आलास.

पुढच्या रविवारी तू अंगणातल्या फरशीवर खडूनं एक आकार काढलास. मला उलट्या बादलीवर बसवलंस. गुडघ्यापर्यंतचं माप घेतलंस, पाय सरळ ठेवला तर कुठवर जातो ते बघितलंस, काठी कुठल्या हाताशी हवी ते विचारलंस. आई बाहेर येऊन म्हणाली, "काय चाललंय रे?"

"अक्काची खोली बांधतोय," तू म्हणालास.

सात महिने लागले. पाइप वाकवून आणलेस, पत्रा ठोकून घेतलास, स्कूटरचं चाक बसवलंस. दार पुढून उघडणारं आणि खाली उंबरा नसलेलं, म्हणजे मी आधी बसायचं आणि मग पाय हातानं उचलून आत घ्यायचा. बाजारातली तयार साइडकार मला चालली नसती. ही माझ्या मापाची होती. पहिल्यांदा तू मला तिच्यातून ऑफिसच्या फाटकापर्यंत सोडलंस, त्या दिवशी मी नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा न दमता टाइपरायटरपुढे बसले. हे तुला सांगितलं नाही. संध्याकाळी विचारलंस तेव्हा "बरी आहे" म्हणाले. तुला तेवढं पुरलं असावं, किंवा पुरलं नसेल. आता कुणाला विचारू?

साइडकारला तेव्हा नुसता अस्तराचा राखाडी रंग मारलेला होता. गाडी डाळिंबी आणि तिच्या कडेला राखाडी डबा, असे आपण दोन महिने हिंडलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुलाही वाटत नसावं, असं मी धरून चालले होते.

मग धारवाडची मुलीकडची माणसं घर बघायला आली. तिचे मामा अंगणात गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, "हे कुणासाठी?"

"अक्कासाठी. ती आमच्याबरोबरच असते," तू म्हणालास.

"असं होय," ते म्हणाले. पोहे खाल्ले, चहा घेतला, आईला नमस्कार केला आणि गेले. त्यांचं उत्तर आलं नाही. आणि पुढच्याच रविवारी तू गाडीच्या टूलबॉक्सचं झाकण काढून पिशवीत घातलंस आणि तोच रंग शोधायला बाहेर पडलास.

मला काय वाटलं असेल, ते तूच सांग.

मी तुला अडवलं होतं. तू दारात बूट घालत होतास.

"राखाडी काय वाईट आहे?"

"जोडल्यासारखी दिसते."

"जोडलेलीच आहे की."

"तशी दिसायला नको. कारखान्यातूनच अशी आली असं वाटलं पाहिजे."

"लोक रंगाकडे बघत नाहीत, वसंता. माझ्याकडे बघतात."

"म्हणूनच," तू म्हणालास आणि पिशवी उचलून गेलास.

ते 'म्हणूनच' मी कितीतरी महिने मनात धरून बसले. तुझ्या डब्यात पोळी-भाजी भरताना, तुझ्या शेजारून ऑफिसला जाताना ते माझ्याबरोबर असायचं. माझ्यामुळे तुझं लग्न मोडलं, आणि आता तुला मी दिसायलाच नको आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

रंग काही मिळेना. आपली गाडी बनवणारा म्हैसूरचा कारखाना नुकताच बंद पडला होता. स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी कार्डावरचा सगळ्यात जवळचा रंग काढून दिला. आपल्या गल्लीतल्या पेंटरनं तो मारला आणि साइडकार लग्नपत्रिकेसारखी लालभडक झाली. आई हसली. तू नाही हसलास. दोन रविवार घासून घासून तू तो रंग उतरवलास. मग कुणीतरी सांगितलं की म्हैसूरच्या एका जुन्या डीलरकडे कंपनीच्या रंगाचा सीलबंद डबा पडून आहे. रजा टाकून गेलास आणि संध्याकाळी डबा छातीशी धरून परत आलास. इतका खूश मी तुला बारावीच्या निकालालाही बघितला नव्हता. त्या डब्यातला रंग घेऊन तू पहिल्यांदा शिवाजीनगरला मुनियप्पाकडे गेलास, कारण आता तुला कच्चा पेंटर नको होता.

आणि तो खुद्द कंपनीचा रंग मारल्यावरही साइडकार वेगळीच दिसली. जास्त काळपट, जास्त कोरी. तू घरी येऊन पायरीवर बसलास. जेवायला बोलावलं तर "भूक नाही" म्हणालास. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. माझा राग तसाच होता, पण तुझं पडलेलं तोंड मला बघवत नव्हतं. पुढच्या शनिवारी मी म्हणाले, "चल, मीही येते त्याच्याकडे."

मुनियप्पानं मला खुर्ची दिली, तुला दिली नाही. मग सीट उचलून तिच्याखालचा पत्रा दाखवला. तिथला रंग अगदी डब्यातल्यासारखा होता, गडद. मग टाकीवर बोट ठेवलं. सात वर्षं उन्हात उभी राहिलेली टाकी. "डब्यात काही चूक नाही," तो म्हणाला. "तुमच्या गाडीनं ऊन खाल्लंय. आता तुम्ही सांगा, कंपनीनं दिला तो रंग हवा, की गाडीचा आज आहे तो?"

इतके महिने तू जे शोधत होतास ते कुठल्या डब्यात मिळणारच नव्हतं. तू टाकीवरून बोट फिरवलंस. मग म्हणालास, "आज आहे तो."

त्यानं कंपनीच्याच रंगात थेंब थेंब दुसरे रंग घालत पत्र्याचे सहा तुकडे रंगवले. ओला रंग वेगळा दिसतो, वाळला की वेगळा, म्हणून ते उन्हात ठेवले. आपण समोरच्या हॉटेलात इडली खाऊन आलो. मग त्यानं एकेक तुकडा टाकीला लावून धरला. तू तिसरा म्हणालास. तो म्हणाला, "अम्मा सांगू देत." मला चौथा जवळचा वाटला, पण त्यातही काहीतरी कमी होतं. "थोडा पिवळा पाहिजे," मी म्हणाले. का म्हणाले ते मला माहीत नाही. साड्या निवडताना डोळे तयार झाले असतील. मुनियप्पानं काडीच्या टोकावर येईल एवढा पिवळा घातला, तुकडा पुन्हा रंगवला, पुन्हा वाळवला. टाकीला लावला तेव्हा त्याची कड कुठे संपते ते बोटानं चाचपून बघावं लागलं.

तू माझ्याकडे बघितलंस. "अक्का," म्हणालास. ज्या गोष्टीला माझा विरोध होता तिच्यात मी स्वतःच्या हातानं पिवळा घातला होता, आणि मला आनंद झाला होता. माणसाचं मन कसं चालतं कोण जाणे.

रंग झाल्यावरच्या रविवारी आपण देवनहळ्ळीला गेलो. किल्ला बघायचा असं ठरलं होतं, पण पायऱ्या बघून मीच नको म्हणाले. मग तू गाडी गावाबाहेर द्राक्षांच्या मळ्यांमधल्या रस्त्याला घातलीस. मळ्यांमध्ये मधूनमधून दगड रोवून प्लॉट पाडलेले दिसत होते. एका चिंचेखाली थांबून पेरू खाताना मी तुला विचारलं. इतके दिवस साठवलेलं एकदाचं विचारून टाकलं.

"धारवाडच्या लोकांमुळे रंग लावलास ना? मी आहे हे दिसू नये म्हणून?"

तू पेरू खायचा थांबलास. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. तुला राग आला नव्हता. तू घाबरला होतास.

"त्यांचं काय घेऊन बसलीस," तू म्हणालास. "अगं, रोज सिग्नलला कुणीतरी विचारतं. हे काय लावलंय, कुणासाठी, काय झालंय पायाला. मी पुढे बघत असतो, पण मला ऐकू येतं. तू हसून उत्तर देतेस. आणि मग घर येईपर्यंत बोलत नाहीस. मी मोजत असतो, मेख्री सर्कलपासून घरापर्यंत तू बोलत नाहीस. राखाडी बघून लोक विचारतात. गाडीच अशी आहे असं वाटलं तर विचारणार नाहीत, असं मला वाटलं."

मी गप्प बसते हे मला स्वतःला माहीत नव्हतं, वसंता. अडतीस वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्या आलं.

तरी मी म्हणालेच, "मला विचारायचं होतंस."

"हो," तू म्हणालास. "विचारायला पाहिजे होतं."

आणि मग, मला वाटतं भरपाई म्हणून, तू ते केलंस. रस्ता मोकळा होता. तू मला उचलून गाडीच्या सीटवर बसवलंस आणि स्वतः माझ्या साइडकारमध्ये जाऊन बसलास, गुडघे हनुवटीशी घेऊन. साइडकार लावलेली गाडी पडत नाही. ब्रेक उजव्या पायाला, तो पाय माझा चांगला आहे. गिअर डाव्या पायाचा, तो तू साइडकारमधून वाकून हातानं टाकलास. "क्लच सोड हळू. स्वल्प हळू, अक्का," असं तू म्हणत होतास आणि गाडी निघाली. मी चालवत होते. दीडेक मैल असेल. एक शेतकरी बाई डोक्यावरचा भारा सावरत थांबून बघत राहिली. तू तिला हात केलास.

तो दिवस तू मला दिलास आणि त्यातूनच पुढचं भांडण उभं राहिलं. एकदा चालवल्यावर मला ते सोडवेना. मी चौकशी केली. डाव्या पायाचं काम हाताकडे आणता येतं, लायसन्सही मिळतं, असं ऑफिसमधल्या एकानं सांगितलं. फॉर्म आणून मी तुझ्यापुढे ठेवला. तू तो उचललाही नाहीस.

"देवनहळ्ळीचा रस्ता वेगळा आणि हेब्बाळची गर्दी वेगळी," तू म्हणालास.

"शिकेन की."

"लॉऱ्या बघितल्यास? काही झालं तर तुला उतरून पळतासुद्धा येणार नाही."

"तू मला नेतोस तिथे नेतोस, मी बसते. सात वाजता निघायचं म्हटलं की सात वाजता. तुझा ओव्हरटाइम असला की मी दोन तास ऑफिसात थांबते. कधीतरी मला माझ्या वेळेनं निघावंसं वाटत असेल, हे तुला कळत नाही?"

"नाही म्हणजे नाही, अक्का. गाडी माझी आहे."

आईनं स्वयंपाकघरातून तुझीच बाजू घेतली. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तू मला ऑफिसला सोडलंस, मी "येते" म्हणाले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मेख्री सर्कलपासूनच काय, घराच्या दारापासून मी बोलत नव्हते, आणि या वेळी ते मला पुरतं माहीत होतं. तुला ऐकू यावं म्हणूनच मी गप्प होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू उठला नाहीस. अंग भाजत होतं. संध्याकाळपर्यंत तुला आईचं नाव आठवेना. हॉस्पिटलात त्यांनी मेंदूचा ताप असं सांगितलं. पाच दिवस मी तुझ्या उशाशी बसून होते आणि तुझ्याशी बोलतही होते. नागराजनं गाडीवर ताडपत्री घातली हे सांगितलं, आईनं तुळशीला नवस बोलल्याचं सांगितलं, तुझ्या नावावर किती रजा शिल्लक आहे ते सांगितलं. एक विषय काढला नाही. आजारी माणसाशी काय भांडायचं, तू शुद्धीवर आलास की बोलू, असं म्हणून मी ते राखून ठेवलं.

तेच आता माझ्याकडे राहिलं आहे.

आज संध्याकाळी नागराज आला होता. कारखान्यातला कुणीतरी गाडी घ्यायला तयार आहे, साइडकार सोडून, असं तो अवघडत म्हणाला. मी काही बोलायच्या आत आई आतून आली आणि म्हणाली, "इल्ला. विकायची नाही." मोडक्या कन्नडमध्ये दोनदा म्हणाली आणि परत आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला.

मी नागराजला अंगणात घेऊन गेले. ताडपत्री काढली. विचारलं, "डाव्या पायाचा गिअर हातानं टाकता येईल असा दांडा करता येईल का?"

तो उकिडवा बसला, बघत राहिला. "येईल. किकचंही काहीतरी करावं लागेल. वेळ लागेल." मग वर न बघता म्हणाला, "वसंत कधी बोलला होता का असं करू म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. तू गेल्यापासून सगळे तुझ्या नावावर चांगलं चांगलंच सांगतायत. त्याची फार इच्छा होती म्हटलं असतं तर नागराजनं डोळे पुसले असते आणि उद्यापासून काम सुरू केलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "तो नको म्हणाला होता. याच्यावरूनच आमचं भांडण झालं होतं."

नागराज उठला. मग त्यानं खिशातून टेप काढला आणि माझ्या डाव्या हातापासून गिअरपर्यंतचं अंतर मोजलं. आकडे तळहातावर लिहून घेतले आणि गेला.

मी तुला लहानपणापासून ओळखते, वसंता. मी नोकरी करायची म्हटलं तेव्हा नाही म्हणालास. बंगळूरला यायचं म्हटलं तेव्हा नाही म्हणालास. तुझा नकार आठ दिवसांच्या वर कधी टिकला नाही. नवव्या दिवशी तूच पिशवी उचलून कामाला लागायचास. या वेळी तुला तेवढे दिवस मिळाले नाहीत.

तुझी,
अक्का